काठ शिवायला सांगितला होता

मामा रफू करायचे आणि मावशी काजं करायच्या. गल्लीने दोघांना ही नावं बहाल केली तेव्हा नात्याचा हिशेब कुणी केला नव्हता. आईचा भाऊ आणि आईची बहीण, म्हणजे सरळसरळ भावंडं झाली की! पण बत्तीस वर्षं संसार केलेल्या त्या नवराबायकोला याचं काही वाटत नसे. आणि दुकानातून येणारे आवाज ऐकले तर गल्लीचं फारसं चुकलं होतं असंही म्हणता आलं नसतं.

दुकान जिन्याखालचं. एका अंगाला घड्याळजी, दुसऱ्या अंगाला चष्मेवाला. आत एक लांब टेबल आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. खिडकीतल्या उजेडावर पहिला हक्क मामांचा, कारण रफूला उजेड लागतो. मग काजाला लागत नाही का, हा प्रश्न मावशींनी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात विचारला होता. उत्तर अजून यायचं होतं.

मामांचं स्वतःचं एक तत्त्वज्ञान होतं. ते म्हणत, "जगात दोनच प्रकारचं कापड असतं. एक, ज्याला भोक पडलंय. दुसरं, ज्याला पडायचंय."

"आणि तिसरं, ज्याला मी पाडते," मावशी सुईवरून नजर न काढता म्हणत.

"ते भोक नव्हे, ते काज."

"आरपार बोट जातं ना? मग भोकच."

मामांना हे पटत नसे. भोक म्हणजे कापडाचा अपमान, आणि कुणाचाही अपमान उघडा ठेवायचा नाही, असा त्यांचा बाणा. त्यांनी बुजवलेलं भोक गिऱ्हाइकाला तर सोडाच, खुद्द ज्या कसरीने ते पाडलं तिलाही सापडलं नसतं.

एके सकाळी संशोधन संस्थेच्या संचालिकाबाई आपला लोकरी कोट न्यायला आल्या. कोटाच्या पाठीवर कसरीने जेवण केलेलं होतं. बाईंनी कोट खिडकीशी धरला, उलटसुलट केला, चष्मा काढून पाहिला, घालून पाहिला.

"मामा, भोक कुठे होतं?"

"कुठलं भोक?" मामा म्हणाले. त्यांच्या धंद्यात याहून मोठी बढाई नाही.

बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ कोटाकडे पाहत राहिल्या. मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "तुम्ही अवकाशाला टाका घालू शकाल का?"

मामांनी क्षणभर विचार केला. "सुती आहे की लोकरी?"

बाईंनी सगळं सांगितलं. गावाबाहेरच्या त्यांच्या संस्थेत अकरा वर्षांच्या खटपटीनंतर एक कृमिविवर उघडलं होतं. हा कागदोपत्री शब्द. संस्थेतले शिपायापासून शास्त्रज्ञापर्यंत सगळे त्याला 'भोक' म्हणत. या भोकातून आत शिरायचं, अकरा पावलं चालायचं आणि पलीकडे निघायचं ते थेट शेजारच्या दीर्घिकेत. शेजारची म्हणजे पंचवीस लाख प्रकाशवर्षं लांब. शास्त्रज्ञांचा शेजार असा ऐसपैस असतो. वाटी मागायला गेलं तर प्रकाशालाही पंचवीस लाख वर्षं लागावीत, आणि भोकातून मात्र अकरा पावलं.

"अडचण एकच," बाई म्हणाल्या. "काठ उसवतोय. दोन्हीकडचा. रोज थोडा थोडा."

हे ऐकल्यावर मामांनी हातातलं काम खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघंही संस्थेत हजर झाली. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं, पण उसवलेल्या गोष्टीकडे नवऱ्याला एकट्याला पाठवायचं नाही हा त्यांचा शिरस्ता. तिथे त्यांना समजावून सांगायला डॉक्टर होते. हे डॉक्टर कुणालाही औषध देत नसत. त्यांनी आयुष्यभर फक्त या एका भोकाचा अभ्यास केला होता. त्यांनी एक कोरा कागद घेतला, दुमडला आणि पेन्सिल उचलून ती आरपार घालणार, तेवढ्यात मावशींनी त्यांचा हात धरला.

"कागद कशाला फुकट घालवता? कळलं. दोन पदर एकावर एक घेतले आणि मधून वाट काढली. अस्तराला आम्ही हेच करतो."

डॉक्टरांनी पेन्सिल खिशात ठेवली. हेच समजावून सांगण्यासाठी त्यांनी चाळीस चित्रं तयार केली होती.

भोक एका मोठ्या दालनाच्या मधोमध, जमिनीपासून वीतभर उंचीवर उभं होतं. दारापेक्षा बरंच रुंद, आकार भोपळ्यासारखा. भोवती पिवळी पट्टी आणि पाटी : 'कृपया टेकून उभे राहू नये.' आत अंधुक बोगदा आणि त्याच्या टोकाला गुलाबीसर उजेड. दोन शास्त्रज्ञ आधीच पलीकडे जाऊन आले होते. त्यांतल्या एकाला सर्दी झाली, पण चौकशीअंती ती इथलीच निघाली. पलीकडे काचेची एक खोली उभारली होती, तिच्यात दोन दिवस पुरेल एवढी हवा आणि बसायला एक स्टूल.

मामांचं त्या गुलाबी उजेडाकडे लक्षच नव्हतं. ते काठ पाहत होते. काठाला बारीक चंदेरी दशा सुटल्या होत्या आणि त्या वारा नसताना हलत होत्या. मामांनी बोटाच्या मागच्या बाजूने काठ चाचपला, डोळे मिटले आणि त्यांच्या तोंडून एक "चक्" असा आवाज निघाला. दंतवैद्य जबड्यात डोकावून करतो तसा.

"कुणी पाडलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.

"कात्री न लावता फाडलंत ना? ओढून?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांचा प्रबंध साडेसहाशे पानांचा होता आणि त्याचं सार एवढंच होतं.

धागा संस्थेकडे तयार होता. ऋण ऊर्जेचा धागा, वजन उणे चार ग्रॅम. त्याचं रीळ टेबलाला बांधून ठेवावं लागे, नाहीतर छताला जाऊन चिकटे. तीन वर्षं धागा तयार होता, पण ओवणारा मिळत नव्हता. यंत्रांना दिलं तर यंत्रं काठापाशी जाऊन गोंधळत, कारण या काठाला एक बाजू होती की दोन हे त्यांना ठरवता येत नसे. मामांना ठरवायची गरज पडली नाही. त्यांनी धाग्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुईत घातलं आणि म्हणाले, "जरा वर पळतोय. पण माणसाळेल."

प्रश्न पलीकडच्या काठाचा होता. तो तिकडूनच शिवायला हवा होता.

"मी जाणार नाही," मामांनी आधीच जाहीर केलं. "मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. माझा आणि उंचीचा उभा दावा आहे."

"ही उंची नव्हे, लांबी आहे," डॉक्टर म्हणाले.

"तिच्याशीही आहे."

"मी जाते," मावशी म्हणाल्या. दालनातले सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. "बघता काय असे? काठ शिवायचा ना? काजाचा काठ मी शिवते, तसाच शिवायचा. भोक राहिलं पाहिजे आणि उसवता कामा नये, एवढंच ना?"

"अगदी एवढंच!" डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं कुणी एका वाक्यात सांगितलं होतं.

मावशींनी पिशवी भरली : सुया, छोटी कात्री, धाग्याची दोन रिळं एका गाठीने बांधून, चष्मा, पाण्याची बाटली आणि एक स्वेटर, कारण परमुलखात थंडी वाजते. त्यांच्याकडून एक अर्ज भरून घेतला गेला. 'प्रवासाचे प्रयोजन' इथे त्यांनी लिहिलं, 'शिवण'. 'परतीची वेळ' इथे लिहिलं, 'चारच्या आत. पाचला एक बाई ब्लाउज न्यायला यायच्या आहेत.'

भोकापाशी त्या वळल्या. "अहो, ऐका. फक्त काठ. लक्षात आहे ना?"

"बत्तीस वर्षं सुई धरतोय. मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही, सांगतेय. शिकवून काही झालं असतं तर एव्हाना झालं असतं."

आणि पदर खोचून, पाटीला वळसा घालून, मावशी आत गेल्या. अकरा पावलं वाजली. मग गुलाबी उजेडात त्यांची पाठ दिसली, मग ती डावीकडे वळली आणि त्या दुसऱ्या दीर्घिकेत कामाला बसल्या.

मामांनी बोटावर अंगुस्तान चढवलं. पहिले दहा टाके त्यांनी काठावरच घातले, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं. पण अकराव्या टाक्याला एक चंदेरी दशी हाताला लागली. मामांनी ती सरळ केली. शेजारी दुसरी होती, तीही सरळ केली. दोघी समोरच्या काठाच्या दोन दशांकडे अशा काही पाहत होत्या की, मधलं अंतर मामांना बघवेना. उभे धागे ओढून घेतले. मग आडवे त्यांच्यातून घालायचे, एक वरून, एक खालून. हाताला लय आली. मामा गुणगुणू लागले. मामा गुणगुणू लागले की, मावशी दुकानात त्यांना चहा विचारत नसत, कारण ऐकूच जात नसे.

दालनात सतरा माणसं होती. त्यांतली नऊ 'काठ-स्थैर्य समिती'ची. भोक लहान होत चाललेलं सगळ्यांना दिसत होतं. दारापेक्षा रुंद होतं ते खिडकीएवढं झालं. खिडकीएवढं होतं ते बशीएवढं झालं. पण कुणी बोललं नाही. समितीच्या सदस्यांना वाटलं, डॉक्टरांना माहीत असेल. डॉक्टरांना वाटलं, ही रफूची पद्धत असेल; आधी लहान करतात, मग मोठं करत असतील. संचालिकाबाईंना तर मामांच्या हाताकडे पाहून भरून आलं होतं. एवढ्या तज्ज्ञ माणसाला मध्ये टोकायचं कसं? डॉक्टर दर दहा मिनिटांनी वहीत नोंद करत होते. 'व्यास : बांगडीएवढा. प्रगती समाधानकारक.' 'व्यास : अंगठीएवढा. प्रगती उत्तम.'

साडेतीन वाजता मामांनी शेवटचा टाका घातला, धागा दाताने तोडला, हाताच्या तळव्याने ती जागा एकदा सपाट केली आणि मागे सरून मान तिरकी केली. समोर दालनाची हवा होती. सपाट, स्वच्छ, सलग. भिंतीवरचं घड्याळ तिच्यातून लख्ख दिसत होतं.

सतरा माणसांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर डॉक्टरांनी वही मिटली आणि विचारलं, "आता भोक कुठे आहे?"

"कुठलं भोक?" मामा म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू आणखी चार क्षण तसंच होतं. मग ते एका बाजूने उसवू लागलं. त्यांनी बोटावरचं अंगुस्तान काढलं. पुन्हा घातलं. समोरच्या हवेकडे पाहिलं.

"अहो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आमची मंडळी पलीकडे आहे."

नंतरच्या अर्ध्या तासात दालनात जे झालं त्याला इतिवृत्तात 'विचारविनिमय' म्हटलं आहे. समितीचे नऊ सदस्य एकाच वेळी बोलत होते आणि दहाव्याची उणीव भासत नव्हती. मुद्दा मात्र सरळ होता. नवीन भोक पाडायला अकरा वर्षं. पलीकडची हवा दोन दिवस. तेव्हा वाट एकच, आहे ते रफू उसवायचं.

"उसवा की मग!" संचालिकाबाई म्हणाल्या.

"उसवतो. पण कुठे आहे ते?" मामा म्हणाले.

भिंगं आणली. तिरका उजेड टाकला. डॉक्टरांनी एक यंत्र आणलं, ते गुरगुरलं आणि म्हणालं की, इथे कधीच काही नव्हतं. मामांनी बोटाच्या मागच्या बाजूने दालनाच्या मधली सगळी हवा वीत वीत चाचपली. त्यांनी एवढी वर्षं एकाच गोष्टीसाठी जीव आटवला होता : आपलं काम आपल्यालाही सापडू नये. आणि आज ते खरोखर सापडत नव्हतं. आयुष्यात एखादा टाका तरी ओबडधोबड घालायला काय हरकत होती, असं त्यांच्या मनात आलं, आणि हा विचार आपल्या डोक्यात आला याची त्यांना एवढी लाज वाटली की, ते जमिनीवर बसले.

"मामा, पाणी घ्या," संचालिकाबाई म्हणाल्या.

"तिने सांगितलं होतं हो. जाता जाता सांगितलं होतं. फक्त काठ, म्हणाली होती."

"आम्हीही टोकलं नाही."

"तुम्ही कशाला टोकाल? टोकायला ती असते."

बाई त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "मावशी घाबरल्या असतील का?"

"घाबरणार? ती?" मामांनी नाक ओढलं. "बोगद्यातून इकडे यायला निघाली असेल. अकरा पावलं आली असेल आणि समोर वाट बंद. माझ्या नावाने..." आणि मामा बोलता बोलता थांबले. त्यांनी बाईंच्या हातातला पेला घेतला, पाणी न पिता परत दिला. "काय म्हणालो मी?"

"तुमच्या नावाने."

"त्याच्या आधी!"

"अकरा पावलं आली असेल आणि..."

"तिकडचं तोंड उघडंच आहे!" मामा ताडकन उठले. "ते तिच्याकडे आहे. बोगदा आहे. फक्त हे टोक शिवलंय, बाहीचं टोक शिवावं तसं. आणि ती बाहीच्या आत आहे. म्हणजे उलट बाजूला!"

सतरा चेहऱ्यांवर काहीही उमटलं नाही. मामांनी डॉक्टरांच्या अंगातला कोट खसकन ओढून घेतला, बाही उलटी केली आणि त्यांच्या नाकासमोर धरली.

"अहो, रफू वरून दिसत नाही. वरून! कुठल्याही रफूची उलट बाजू बघा, धाग्यांची शेपटं लोंबत असतात. ती आत नाही तर कुठे जाणार? जगात रफू लपवायला एकच जागा आहे, ती म्हणजे मागची. गिऱ्हाईक तिकडे बघत नाही, म्हणून माझा धंदा चालतो. पण ती बघते. दर कपडा बटणं लावायला तिच्याकडे जातो, तेव्हा तो उलटा होऊनच जातो. माझी शेपटं जगात तिच्याइतकी कुणी पाहिलेली नाहीत."

"मग आपण काय करायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गप्प बसायचं," मामा म्हणाले.

सतरा माणसं गप्प बसली. समितीच्या इतिहासात असा प्रसंग पहिलाच. चार वाजले. सव्वाचार झाले. मामा मधोमध स्टूल घेऊन बसले होते, हात मांडीवर, नजर हवेत. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बायकोची वाट कधी पाहिली नव्हती, कारण ती कायम हाताच्या अंतरावर बसलेली असे, तो आता वाट पाहायला शिकत होता, आणि त्या विषयात तो फार कच्चा होता. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचा.

चार वाजून अठरा मिनिटांनी जमिनीपासून हातभर उंचीवर, रिकाम्या हवेत एक गाठ आली. मोहरीच्या दाण्याएवढी, चंदेरी. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी.

डॉक्टर बोट लावायला पुढे झाले. मामांनी फटकन त्यांच्या हातावर मारलं. "चालू कामाला हात लावायचा नाही!"

"हे काय आहे?"

"काजाचा टाका," मामा म्हणाले. "बघा, एकाला लागून एक. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. आधी टाके घालून घेते, मग मधून कापते. म्हणून तिचं काज जन्मात उसवत नाही."

टाक्यांची रांग वर चढू लागली. बाईमाणसाच्या उंचीएवढी झाली, वरच्या टोकाला गोल वळली, कोटाच्या काजाला असते तशी, आणि शेजारून पुन्हा खाली उतरू लागली. डॉक्टरांनी वही उघडली आणि काय लिहावं हे न सुचून पुन्हा मिटली. सहा वाजता दोन्ही रांगा तळाशी भेटल्या आणि तिथे आडवा, पक्का टाका पडला.

आणि काम थांबलं.

पाच मिनिटं काही झालं नाही. दहा मिनिटं. मामा स्टुलावरून उठले, बसले, पुन्हा उठले. कात्री हरवली असेल का? चष्मा? की बसल्या बसल्या डुलकी लागली? की रागावली? रागावली असेल तर तिचा हक्कच आहे, पण राग इकडे येऊन काढावा. "अगं ए," ते हवेला म्हणाले. "काप की!" पंचवीस मिनिटं झाली तेव्हा मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं, त्यामुळे कात्रीचं टोक बाहेर आलेलं सतरा माणसांना दिसलं आणि त्यांना दिसलं नाही.

कर्रर्र असा आवाज झाला. वरपासून खालपर्यंत हवा सरळ रेषेत उघडली आणि तिच्यातून आधी पिशवी आली, मग स्वेटर घातलेला हात, मग मावशी.

"पाचच्या बाई येऊन गेल्या असतील," त्या म्हणाल्या.

सतरा माणसांनी एवढा आरडाओरडा केला की, वरच्या मजल्यावरचे लोक खाली धावत आले. संचालिकाबाई रडत होत्या आणि हसत होत्या. डॉक्टर काजाभोवती गोल गोल फिरत होते. काठ पक्का होता; पलीकडचा मावशींनी आधीच शिवून टाकला होता. एक दशी हलत नव्हती. गुरगुरणारं यंत्र आणलं, तर तेसुद्धा चक्क नीट बोललं : स्थैर्य शंभर टक्के.

"पण मावशी," समितीचे अध्यक्ष म्हणाले, "समजा, हे बंद करायची वेळ आली, तर?"

"बटण लावा."

बटणाचा व्यास ठरवण्यासाठी तिथल्या तिथे उपसमिती नेमण्यात आली.

या सगळ्या गोंधळात मामा स्टुलापाशी उभेच होते. मावशी त्यांच्यासमोर आल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काठ शिवायला सांगितला होता," मावशी म्हणाल्या.

"हो."

"फक्त काठ."

"हो ना."

"किती टाके काठावर घातलेत?"

"दहा," मामा म्हणाले. आणि मग, प्रामाणिकपणे, "दहावा जरा आत गेला होता."

मावशींच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसून पाण्याची बाटली उघडली.

"टाके घालून झाल्यावर एवढा वेळ काय करत होतीस?" मामांचा आवाज चढला. "पंचवीस मिनिटं! माझा इथे जीव जायची वेळ आली. कात्री सापडत नव्हती का?"

"कात्री हातातच होती."

"मग?"

मावशींनी पाण्याचा घोट घेतला. बाटलीचं झाकण लावलं. "मागून उजेड येत होता. तिकडचा, गुलाबी. तुमच्या रफूतून आरपार. एवढं मोठं काम तुमचं मी कधी पाहिलं नव्हतं. दुकानात असतात ती नखाएवढी असतात. हे माझ्या डोक्याच्या वर जात होतं, दोन्हीकडे हात पसरले तरी संपत नव्हतं. उभा धागा, आडवा धागा, कुठे चूक नाही. कात्री लावायला हात धजेना." त्यांनी बाटली पिशवीत ठेवली. "शेपटं मात्र नेहमीसारखीच. कापून टाका म्हटलं तर कधी ऐकाल."

बत्तीस वर्षांत मामांच्या कामाची तारीफ पाचशे गिऱ्हाइकांनी केली होती. त्या सगळ्यांनी पुढची बाजू पाहिली होती.

"शेवटी कापलंसच ना?" ते कसेबसे म्हणाले.

"मग काय तिथेच बसून राहू? स्टुलाचा एक पाय आखूड आहे." मावशी उठल्या. स्वेटर खाली ओढला. "चला."

"घरी?"

"तिकडे. मी कापलंय ते मधूनच. दोन्ही अंगांनी तुमचं काम बरंचसं शिल्लक आहे. बघा तरी एकदा मागून कसं दिसतं ते. नाहीतर मी सांगणार आणि तुम्ही म्हणणार, उगाच बोलतेस."

"मला गरगरतं."

"डोळे मिटा. मी बाही धरते."

"मिटले तर दिसणार काय?"

"आत गेल्यावर उघडा. सगळं मलाच सांगायला हवं का?"

मामांनी संचालिकाबाईंकडे पाहिलं. बाईंनी घाईघाईने अर्ज पुढे केला. मामांनी 'प्रवासाचे प्रयोजन' इथे बराच विचार केला, मग 'बायको म्हणते म्हणून' असं लिहिलं आणि परतीची वेळ कोरी सोडली. मग डोळे गच्च मिटून, बाही मावशींच्या मुठीत देऊन, पाय किती उंच उचलायचा ते तीनदा विचारून, ते काजातून आत शिरले. दालनात बोगद्यातले आवाज ऐकू येत होते.

"उघडा आता."



"अगं," मामांचा आवाज आला, "हे... हे मी केलंय?"

"नाही, घड्याळजींनी केलंय. असे मागे सरका, म्हणजे पूर्ण दिसेल. आणखी मागे. आणखी."

"थांब, हा इथला आडवा धागा जरा ढिला आहे. सुई दे बघू."

"सुईला हात लावाल तर बघा! पुढे चला."

पावलं वाजू लागली. आठ, नऊ, दहा, आणि एक जरा घाबरत टाकलेलं.